भिंतीपलीकडची डेअरी आणि पावणेदोन किलोमीटरचा फेरा: नाशिकचे रस्ते तुटक कधीपासून झाले?

पाटाकाठची | रविवार, रात्री ९.४०

राग आलाय म्हणून धागा काढतेय, आधीच सांगते. वाचताना तेवढं वजा करा.

आम्ही मखमलाबाद रोडच्या आत राहतो, पाटाजवळ. आठ वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा मागे द्राक्षबाग होती. बागेच्या बांधावरून पायवाट होती, ती थेट पलीकडच्या कॉलनीत निघायची. दूध, किराणा, पोराची शाळेची रिक्षा, सगळं त्या वाटेनं. मग बाग तुटली, लेआउट पडला, सोसायटी झाली आणि बांधावर सात फुटी कंपाउंड आलं. काही महिने एका कोपऱ्यात ब्लॉकचे वरचे थर ढासळलेले होते, तिथून सगळे जायचे. आमच्या सासूबाईसुद्धा "धर गं पिशवी" म्हणत एक पाय पलीकडे टाकायच्या. दिवाळीनंतर ती फटही बुजवली. वर काचा.

डेअरी भिंतीच्या पलीकडे. सकाळी तिचं शटर वर जाताना ऐकू येतं. मोबाईलवर मोजलं: सरळ रेषेत २१० मीटर, रस्त्यानं १.७ किलोमीटर. आठपट! अर्ध्या लिटरसाठी गाडी काढायची. मी गणित शिकवते, त्यामुळे चिडले की मोजायला बसते.

तर रस्ते किती जोडलेले आणि किती तुटक, याचंही मोजमाप असतं असं कळलं, आणि ते सोपं आहे. नकाशावर जिथं रस्ते मिळतात किंवा संपतात तिथं ठिपका द्यायचा. ठिपक्यातून किती वाटा फुटतात ते लिहायचं. चौफुलीला ४, तिकाटण्याला ३, बंद गल्लीच्या टोकाला १. मग सरासरी. पाटीवर आखल्यासारखे चौकोन असतील तर आकडा चाराकडे जातो. एक मुख्य रस्ता, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या आणि डहाळ्या एकमेकींना कुठंच भेटत नाहीत असं जाळं असेल तर सरासरी दोनापर्यंतही पोचत नाही. (नववीच्या पोरांना सिद्ध करायला देते. झाडात ठिपके जितके, रेघा त्याहून एकानं कमी. प्रत्येक रेघ दोन ठिपक्यांत मोजली जाते. झालं.)

बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी हे आधी अमेरिकेसाठी केलं, २०१५ला छापून आलं. विसाव्या शतकभर तिथले नवे रस्ते तुटक होत गेले, १९९४च्या सुमाराला कळस झाला, आणि या सरासरीनं मोजलं तर २०१२पर्यंत तुटकपणा साधारण ९ टक्क्यांनी उतरला. २०२०ला त्यांनी जगाचं मोजलं. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावरचे रस्ते घेतले आणि कुठली वस्ती कधीची ते उपग्रहचित्रांवरून लावलं. सर्वाधिक लोकसंख्येच्या १३४ देशांपैकी ९० टक्के देशांत १९७५पासून नव्या वस्त्यांतले रस्ते तुटक होत गेलेत. २०००नंतर सुधारणा दिसते ती फक्त २९ टक्क्यांत. गेटबंद वसाहतींत असतात तसे फिरवून फिरवून नेणारे रस्ते याच काळात जवळपास दुप्पट झाले. मी अडकले ती गोष्ट वेगळीच: ज्या शहराचं जाळं आधीपासून तुटक, त्याचं पुढचं जाळंही तुटकच निघतं. सवय लागल्यासारखं.

आता नाशिक. १९९१च्या जनगणनेत शहर साडेसहा लाखांचं, २०११ला १४ लाख ८६ हजारांचं. या वीस वर्षांत जे रस्ते पडले ते कसे पडले? माझा अंदाज असा की जुन्या गावात जाळं घट्ट, सिडकोत (त्या सरकारी महामंडळानं आखलेल्या वसाहतींत) बरं, आणि जसजसं बाहेर यावं तसतसं आमच्यासारखं. चुकत असेन तर सांगा. जुनी माणसं आहेत इथं.

मिसळ_कमी_तिखट | रविवार, रात्री १०.०५

वाचतोय. पाथर्डी फाट्याला आमच्याकडे भिंत नाही, नाला आहे. पलीकडे मेहुणा राहतो. बाल्कनीतून हात करतो, जेवायला जायचं तर पंधरा मिनिटं. बायको म्हणते बरंय.

ट्रेसिंगपेपर | रविवार, रात्री ११.३०

ताई, तुमच्या भिंतीत माझाही हात असेल. त्याच सोसायटीत नसेल, पण तसल्या पुष्कळांत आहे. पंचवीस वर्षं लेआउट काढलेत. आधी रॉटरिंगच्या पेनानं ट्रेसिंगवर, अमोनिया प्रिंटच्या वासात, नंतर ऑटोकॅडवर.

काम असं यायचं. मालक सातबारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन येणार. गट लांबट. कारण बापाच्या आठ एकरांचे चौघांत वाटे पडताना चौघांनाही रस्त्याला तोंड हवं. मग दोन-दोन एकरांचे पट्टे होतात, चाळीस मीटर रुंद आणि दोनशे मीटर खोल. अशा पट्ट्यात दुसरं काही सुचतच नाही. मधोमध नऊ मीटरचा रस्ता, दोन्हीकडे प्लॉट, शेवटी बांध. बांधाशी रस्ता संपला. शेजारचा भाऊ पाच वर्षांनी येणार, त्याचंही तसंच. चार भाऊ, चार समांतर रस्ते, चारही बंद, एकमेकांना कुठं भेट नाही. (भावांचीही नसायची, ते सोडा.)

यात बेकायदा काही नसतं. राष्ट्रीय इमारत संहिता बंद गल्लीला १५० मीटरपर्यंत मुभा देते. २७५पर्यंत न्यायची तर १५०वर गाडी वळवायला जागा सोडायची. आम्ही सोडायचो. तिथं आता टँकर उभे असतात. मी दोन-चारदा आडवा रस्ता सुचवून पाहिला. मालकाचा एकच प्रश्न, "किती प्लॉट जातात?" दोन जातात म्हटलं की चहा यायचा आणि विषय संपायचा.

तुम्ही कधीपासून विचारलंत. माझ्या हिशेबानं बी १९८२ला पडलं. ७ नोव्हेंबरला महापालिका झाली, त्यात नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि भोवतालची खेडी एकत्र आली. साधारण २५९ चौरस किलोमीटर हद्द, त्यातलं बरंचसं रान. डीपी म्हणजे विकास आराखडा. तो मोठे रस्ते दाखवतो. दोन डीपी रोडच्या मधलं पोट भरायचं काम लेआउटवाल्यांकडे, आणि प्रत्येक लेआउटवाला स्वतःच्या बांधापुरतं बघतो. म्हणून म्हणतो, तुमच्या कॉलनीचा नकाशा माझ्यासारख्याच्या फार आधी तलाठ्याच्या दप्तरात निघालेला असतो.

उलटं उदाहरण गावाला लागूनच आहे. शरणपूर रोड, टिळकवाडीकडचे जुने दस्त बघा, ‘फायनल प्लॉट नंबर’ असा शब्द सापडेल. ती टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना. १९१५च्या मुंबई नगररचना कायद्यापासूनची पद्धत, १९६६च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्यातही आहे. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते आधी आखायचे, मग ज्याला त्याला आकारानं लहान पण नीट चौकोनी, रस्त्याला लागून असलेला तुकडा परत. बांध पुसला जातो. गुजरातनं ही पद्धत सोडली नाही, अहमदाबाद तिच्यावरच वाढलं. २००१च्या भूकंपानंतर भुजच्या जुन्या गावात बोळ मोकळे करायलाही तीच वापरली. आपल्याकडे मागे पडली.

एक काम करा. तुमच्या आणि पलीकडच्या लेआउटचा मंजूर नकाशा मिळवा, माहिती अधिकारात मिळतो. तुमचा रस्ता बांधाला टेकवलाय की आधीच थांबवलाय, आणि त्याच्या बरोबर समोर पलीकडे काय दाखवलंय, एवढंच बघा.

आरकेवाला | सोमवार, सकाळी ७.२०

गावातलं जाळं घट्ट म्हणता, खरंय. "नाशिक नव टेकांवर वसविले" असं म्हणतात ना, त्या टेकांच्या उतारांवरून सगळे बोळ गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) उतरतात आणि आडवे बोळ त्यांना शिवतात. लहानपणी तिवंध्यावरून भद्रकालीला जायचे पाच रस्ते तोंडपाठ होते, त्यातला एक कुणाच्या तरी वाड्याच्या पुढच्या दारातून आत आणि मागच्या दारातून बाहेर. वाड्यातली आजी ओरडायची, पण कडी लावायची नाही.

फक्त त्याचं फार कौतुक नको. वडिलांना अटॅक आला तेव्हा अँब्युलन्स मेनरोडला थांबली आणि आम्ही खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना तिथवर नेलं. तुमच्या सरासरीत आमची गल्ली चाराच्या जवळ जाईल. रुंदी मोजली की सहा फूट! शिवाय पाणीही जोडलेल्या वाटांनीच येतं. दहीपुलाखालून सरस्वती नाला जातो; मोठा पाऊस झाला की सगळ्या बोळांचं पाणी तिथं आणि सराफ बाजारात.

सहावी_योजना | सोमवार, सकाळी ९.१०

सिडकोबद्दल ‘बरं’ म्हटल्याबद्दल आभार, सहसा कुणी म्हणत नाही. सहाही योजना एकाच यंत्रणेनं आखल्या म्हणून गल्ली गल्लीला मिळते. पवननगरपासून त्रिमूर्ती चौकापर्यंत आतल्या आत चालत जातो, मेन रोडला पाय लागत नाही. नव्या पाहुण्याला पत्ता मात्र सापडत नाही. एन-अमुक, जेबी-तमुक, लॉटरीचं तिकीट वाटतं. नकाशावरची वाट आणि पायाखालची वाट यांत फरक पडलाय तो ओट्यांचा. प्रत्येकानं एक पायरी पुढे घेतली, मग जिना, मग जिन्याखाली गाडी. आता दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीनं मागे जायचं. ओपनस्ट्रीटमॅपला ओटे दिसत नाहीत.

गेटच्या_आत | सोमवार, दुपारी १.४५

दुसरी बाजू मांडतो, मारू नका. मी अशाच सोसायटीचा रहिवासी आहे (तुमच्या मागची नव्हे). आम्हीही एक वाट बंद केली. कारण? रात्री साडेअकराला सायलेन्सर काढलेल्या बुलेट त्या वाटेनं निघायच्या. एका काकूंचं मंगळसूत्र गेलं, चोर त्याच वाटेनं पसार झाला. बंद गल्लीत पोरं क्रिकेट खेळतात, आम्हाला तेच हवं होतं. वाट जोडलेली असावी असं सगळ्यांनाच वाटतं, फक्त ती दुसऱ्याच्या दारावरून जावी.

पाटाकाठची | सोमवार, दुपारी २.३०

मारत नाही, शेवटचं वाक्य पटलं. पण बुलेटला अडवायचं तर लोखंडी खांब दोन फुटांवर रोवता येतात; माणूस, सायकल, बाबागाडी जाईल, बुलेट नाही. तुम्ही बुलेटबरोबर माझ्या सासूलाही अडवलंत. १९२९ला अमेरिकेत न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वसाहत आखली, बंद गल्ल्यांची लोकप्रियता पुष्कळशी तिथूनची. तिच्यात गाड्यांना बंद गल्ल्या होत्या, पण चालणाऱ्यांना मागच्या बाजूनं बागेतून सलग पायवाटा होत्या. पुढे नक्कल करणाऱ्यांनी गल्ली घेतली, पायवाट सोडली.

बोगदाग्रस्त | सोमवार, रात्री ८.५०

ऑफिसातून आत्ता पोचलो. कुठून ते नावावरून कळलं असेल.

गणितवाल्या ताईंना एक शंका. गोविंदनगरचा आतला नकाशा बघा, इंदिरानगरचा बघा. चौफुल्या भरपूर, सरासरी चांगली येईल. पण मधून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, आणि ह्या बाजूचं त्या बाजूला जायचं तर इंदिरानगरचा बोगदा नाहीतर राणेनगरचा. संध्याकाळी सात वाजता दोन्हीकडची अख्खी वस्ती त्या एका भोकातून जाऊ बघते. २०१३ला उड्डाणपूल झाला, लांबच्या गाड्या वरून सुसाट गेल्या. खाली आम्ही होतो तिथंच. एवढी वर्षं बोगद्याजवळ कधी एकेरी, कधी बॅरिकेड, कधी यू-टर्न असे प्रयोग चालू. सरासरीत हे कुठं दिसतं?

पाटाकाठची | सोमवार, रात्री ९.२५

नाही दिसत. म्हणूनच त्या दोघांनी एकट्या सरासरीवर भागवलं नाही. बंद टोकं किती, फेरा किती पडतो, रस्ते किती वळणावळणाचे आणि कुठली रेघ पुसली तर जाळ्याचा तुकडा सुटा होतो, हे सगळं मिळून एक निर्देशांक केला. तुमचा बोगदा शेवटच्याच्या जवळचा. तो बंद झाला तर जाळ्याचे दोन तुकडे होत नाहीत, जीव मात्र जातो. गंगेवरचे पूल तसेच, नाशिकरोडचं रेल्वे फाटकापलीकडचं जग तसंच. आणि नोटांची प्रेस, लष्कराचा तोफखाना, जेल यांच्या लांबच लांब भिंती. त्या तर आपण नकाशात धरतच नाही.

सिटीलिंकचा_पास | सोमवार, रात्री ९.४०

पुरवणी. २०२१ला सिटीलिंक, म्हणजे महापालिकेची बससेवा आली तेव्हा आनंदानं पास काढला. बस मोठ्या रस्त्यानंच जाणार, त्यात तिचा दोष नाही. थांबा आमच्या गच्चीवरून दिसतो. चालत वीस मिनिटं. पुढच्या महिन्यात स्कूटर घेतली.

बागाईतदार | मंगळवार, पहाटे ५.३०

सगळं वाचलं. शेतकऱ्याची बाजू कुणीच मांडेना म्हणून लिहितो.

ताई, तुमची ती पायवाट आमच्यासारख्याच कुणाच्या तरी बांधावर होती. आम्ही हटकलं नाही, उलट बाग खुडताना तुमची पोरं घड मागायची, देतही होतो. ती वाट सौजन्याची होती. जमीन विकली तसं सौजन्यही गेलं, नवीन मालकाला ते खरेदीखतात मिळत नाही.

ट्रेसिंगपेपर साहेबांनी टीपी स्कीम गोड करून सांगितली. स्मार्ट सिटीत आमच्याच मखमलाबाद-हनुमानवाडी शिवारात तशी स्कीम आखली होती, सातशेच्या वर एकरांची. विरोध झाला, आम्हीही केला. आम्ही अडाणी म्हणून केला नाही. बाग चालू आहे, पाटाचं पाणी आहे, एकरातला केवढा तुकडा परत मिळणार, कधी मिळणार आणि तोवर खायचं काय, याचं उत्तर कागदावर होतं पण कागदावर विश्वास नव्हता. डीपी रोड शेतावर पडला की काय होतं ते आमच्या आज्यानं बघितलंय. विकता येत नाही, बांधता येत नाही, मोबदल्याला टीडीआर घ्या म्हणतात, म्हणजे पैशाऐवजी दुसरीकडे बांधायचा किंवा विकायचा हक्क. दहा वर्षं थांबायचं, मग एमआरटीपीच्या कलम १२७ची नोटीस द्यायची, मग कोर्ट. म्हणून माणूस गपचूप लेआउट पाडतो आणि मोकळा होतो. आणि ज्याला एनएचा (जमीन बिनशेती करायचा) खर्चही झेपत नाही तो गुंठे पाडून विकतो. तिथले रस्ते बघा एकदा, तुमची भिंत बरी वाटेल.

तुमचा जोडरस्ता कुणाच्या तरी दोन एकरांतून जातो, एवढं धरून बोला.

ट्रेसिंगपेपर | मंगळवार, सकाळी ८.००

दादा, बरोबर बोललात. मी ती पद्धत कागदावरूनच बघितली, शेतातून कधी बघितली नाही.

एवढंच जोडतो. भीती आकाराची नव्हतीच, वेळेची होती. तुकडा सहा महिन्यांत हातात पडला असता तर निम्मा विरोध गळला असता असं मला वाटतं. सिंहस्थ आला की रिंगरोडला पैसा येतो, २०१५ला आला, २०२७साठीही येतोय, आणि रिंगरोड झाला की त्याच्या बाहेर पुन्हा लांबट गटांत लेआउट पडायला लागतात. आडगाव, म्हसरूळ बाजूला जाऊन बघा. एकेका पट्ट्याच्या तोंडावर कमान आणि झेंडे.

ओसरीवरचा_वकील | मंगळवार, दुपारी १२.१०

पायवाटेच्या हक्काबद्दल दोन जणांनी व्यक्तिगत विचारलं म्हणून इथंच लिहितो.

जमीन महसूल संहितेचं कलम १४३ बांधावरून वाट देतं, पण ते शेतात जायला. मामलेदार कोर्ट कायदा १९०६चा, त्यात वहिवाटीतला अडथळा काढून मिळतो, पण तोही शेतीसाठी, आणि अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. दूध आणायला दोन्ही उपयोगाचे नाहीत. १८८२च्या सुखाधिकार कायद्यात वहिवाटीनं हक्क मिळतो, त्याला वीस वर्षं सलग, उघडपणे, हक्कानं वापर लागतो. ताईंची आठ, आणि वर बागाईतदार म्हणतात तसं परवानगीनं. केस लंगडी आहे. सोसायटीशी गोड बोला, स्वस्त पडेल.

मिसळ_कमी_तिखट | मंगळवार, दुपारी १२.१५

वकिलानं ‘केस करू नका’ म्हटलेलं पहिल्यांदा वाचलं. धागा वाचनखुणेत टाकतो.

पाटाकाठची | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, संध्याकाळी ६.५०

धागा वर काढतेय. नकाशे मिळाले.

आमच्या लेआउटमधला रस्ता थेट बांधाला टेकवलेला आहे. ज्यानं कुणी काढला त्यानं टोकाला वळायची जागा न दाखवता रेघ सरळ हद्दीपर्यंत नेलीय, पुढे कधीतरी जोडला जाईल अशा हिशेबानं असावी. पलीकडच्या नकाशात त्याच्या समोर प्लॉट नाही, ओपन स्पेस आहे, लेआउटमध्ये मोकळी सोडावी लागते ती दहा टक्क्यांची. म्हणजे भिंतीमागे कुणाचं घर नाही, बाग आहे. झोपाळा आणि दोन बाकं. मी शिडी लावून बघितलं, सासूबाईंनी शिडी धरली.

आज दुपारी त्या बाजूनं गेले, रस्त्यानं, पावणेदोन किलोमीटर. बागेत एक बाई भेटल्या. भिंतीच्या आमच्या बाजूला दर बुधवारी भाजीबाजार भरतो हे त्यांना माहीतच नव्हतं. आवाज येतो म्हणाल्या, लाऊडस्पीकरवर कांद्याचा भाव ऐकू येतो, पण वाटायचं लांब कुठंतरी असेल. त्या भाजीला रिक्षानं पंचवटीत जातात.

उद्या अकराला त्यांच्या कमिटीची मीटिंग आहे. मला पाच मिनिटं दिलीत. मागणी साडेतीन फुटी दाराची, मध्ये खांब, रात्री दहाला कुलूप. किल्ली त्यांच्याकडे.

ट्रेसिंगपेपर | शनिवार, संध्याकाळी ७.१५

दोन्ही नकाशे एकाच स्केलवर झेरॉक्स करून हद्दीला हद्द चिकटवून न्या. वेगवेगळे दाखवलेत तर कुणाला काही दिसणार नाही. आणि मूळ प्रत घरी ठेवा.

गेटच्या_आत | शनिवार, संध्याकाळी ७.४०

कुलूप रात्री साडेनऊला म्हणा. दहावर ते स्वतः येतील.